दारावर आलेला माणूस

राईनपाड्याची बातमी येऊन आठ दिवस झाले असतील. २०१८ च्या जुलैतली गोष्ट. भातकुलीत पाऊस लागून राहिला होता. खारपाणपट्ट्यातल्या काळ्या मातीचा चिखल घराघराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. अशात आमच्या वस्तीत एक माणूस शिरला. सायकलीच्या मागे अवजारांची पेटी, सोबत दहा-बारा वर्षांचा मुलगा. कुकर, गॅसची शेगडी, मिक्सर दुरुस्त करून देतो, असे ओरडत तो चालला होता. मुलाला तहान लागली म्हणून त्याने एका दारात पाणी मागितले. दारात चार-पाच वर्षांची पोर खेळत होती. ती घाबरून आत पळाली. घडले ते एवढेच. अर्ध्या तासात वस्तीतली शंभरेक माणसे जमली आणि त्या बापलेकांना समाजमंदिराच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली गेली.

मी तेव्हा शाळेतून परत येत होतो. मी मास्तर; चळवळीत उमेदीची वर्षे घातलेला माणूस. लोकांनी मला वाट करून दिली. कोणी म्हणाले, "सर, आता तुमीच इचारा याले." मी कडी काढून आत गेलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्याखाली तो माणूस उकिडवा बसला होता. मी पहिला प्रश्न विचारला तो असा : "आडनाव काय तुझं?"

त्याचे काम काय, तो कुठून आला, मुलगा जेवला काय, यातले काही माझ्या तोंडून निघाले नाही. आडनावच निघाले. त्याने काही न बोलता खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले आधार कार्ड काढून पुढे धरले. त्याचा हात कापत होता. त्या कार्डाला अनेकांचे हात लागले असावेत असे ते दिसत होते.

मी पोलिसांना फोन केला. ते आले, त्यांनी चौकशी केली. शेजारच्या जिल्ह्यातला कारागीर निघाला. कोणी त्याच्या अंगाला हात लावला नव्हता, याचेच आम्हाला त्या दिवशी समाधान वाटले. रात्री मी ही हकीकत मायला सांगितली. ती चुलीपाशी बसली होती. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तुह्या आजानंबी जनमभर हेच केलं. वेशीवर बसे, येनाऱ्याले इचारे, कोन व्हय, कुठचा व्हय, अन् पाटलाच्या वाड्यावर सांगाले जाय. त्याची शिळी भाकर भेटे. तुले त पगार भेटते बाप्पा, तू काहून करतं?"

मायच्या या प्रश्नाला त्या रात्री माझ्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर शोधताना जे वाचले, विचारले आणि समजले, ते कार्यकर्त्यांपुढे, विद्यार्थ्यांपुढे आणि माझ्यासारख्या मास्तरांपुढे ठेवतो.

प्रथम घटना लक्षात घेऊ. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे होते. मुख्यतः सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातले. भिक्षा मागत फिरणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले गेले आणि ते तिथेच मारले गेले. गावाचा कारभार जिथून चालतो, ती ती खोली होती. आमच्या समाजमंदिराच्या खोलीत आणि त्या खोलीत किती अंतर होते, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे.

राईनपाडा हे पहिले नव्हते. मे २०१२ मध्ये नागपूरच्या कळमना भागात सोंग घेऊन भिक्षा मागणाऱ्या नाथजोगी समाजाच्या तिघांना लोकांनी चोर समजून ठार केले. शेवटचेही नव्हते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक असे तिघे अफवेपायी मारले गेले. तिन्ही ठिकाणची माणसे वेगळी, मारणारे वेगळे, कारण मात्र एकच : हा आपल्यातला नाही, तेव्हा हा चोर असणार.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. परका म्हणजे कोण? आमच्या वस्तीत दररोज परकी माणसे येतात. विम्याचा एजंट येतो, बचतगटाच्या कर्जाचा हप्ता वसूल करणारा पोरगा मोटारसायकलवर येतो, निवडणुकीत उमेदवार आणि त्याची पन्नास माणसे उंबऱ्यात येऊन हात जोडतात. १४ एप्रिलची वर्गणी मागायला आम्ही स्वतः अनोळखी गल्ल्यांत शिरतो आणि दारे वाजवतो. यांतल्या कोणालाही कोणी समाजमंदिरात कोंडत नाही. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, शुद्ध बोली यांना संशय शिवत नाही. तो शिवतो मळक्या धोतराला, पाठीवरच्या गाठोड्याला, वेगळ्या बोलीला, काळवंडलेल्या चेहऱ्याला. म्हणजे आपण ज्याला अनोळखी माणसाची भीती म्हणतो, ती बहुतेक वेळा जातीची भीती असते. तिने फक्त नाव बदललेले असते.

ही भीती आकाशातून पडलेली नाही. तिची घडण गावगाड्यात झाली. गावाने माणसांची वाटणी केली होती. वतनदार आत, बलुतेदार कामापुरते आत, महार-मांग गावकुसाबाहेर आणि फिरस्ते त्याहूनही पलीकडे, पालांवर. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' लिहिला, त्यात फिरस्त्यांचा स्वतंत्र विचार आहे. पण तो गावावर पडणाऱ्या ओझ्याच्या हिशेबाने. वासुदेव, गोंधळी, बहुरूपी, नंदीवाले, वैदू, घिसाडी या सगळ्यांना गावाची गरज होती आणि गावालाही त्यांची गरज होती. पण मुक्काम तीन दिवसांचा, नजर कायम संशयाची.

आणि ही नजर ठेवण्याचे काम गावाने कोणाला दिले होते? गावकुसाबाहेर राहणाऱ्यालाच. पश्चिम महाराष्ट्रात त्याला येसकर म्हणत, आपल्याकडे कोतवाल. वेशीवर राखण करायची, कोण आला, कोण गेला ते पाटलाला कळवायचे, चोरी झाली तर माग काढायचा. ज्याला गावाच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, त्यानेच गावात पाय ठेवणाऱ्याला अडवायचे होते. व्यवस्थेची हुशारी पाहा : तिने एका बहिष्कृताच्या हाती काठी देऊन दुसऱ्या बहिष्कृताला हाकलले. दोघांपैकी कोणीही आत आला नाही. बाबासाहेबांनी महारकी सोडा म्हणून सांगितले, मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगितले. मायच्या बोलण्याचा अर्थ मला असा लागला की ढोरे आम्ही सोडली, वेशीवरची काठी मात्र आमच्या हातात राहून गेली आहे.

आपल्या वऱ्हाडातलेच उदाहरण घेऊ. घरोघरी जाते असे त्या काळी जात्याचा दगड गुळगुळीत झाला की त्याला छिन्नीने टाके घालावे लागत. हे काम करीत गावोगाव फिरणारी जमात म्हणजे टाकणकार, टाकारी. या कामासाठी त्यांना घरात, थेट स्वयंपाकघरापर्यंत जावे लागे. पीठ गावाने खाल्ले. पण सरकारी दप्तरात या माणसांची नोंद कशी झाली? १८८२ साली गंथॉर्प नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातील गुन्हेगार जमातींवर पुस्तक लिहिले, त्यात टाकणकार आहेत, फासेपारधी आहेत. त्या काळच्या पोलिसी वाङ्मयाची एक ठरलेली रीत होती. धंदा हा केवळ देखावा, खरा उद्योग घरे हेरण्याचा, असे ते सरसकट गृहीत धरून चाले. एकदा हे गृहीत धरले की प्रामाणिक कामही पुराव्यासारखे दिसू लागते. जो जितक्या घरी गेला, तितका तो गुन्हेगार!

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या संशयाला सरकारी शिक्का मिळाला. १९११ साली तो देशभर लावता येईल असा केला गेला, १९२४ साली पुन्हा एकत्र करून कडक केला गेला. जन्मानेच गुन्हेगार, गाव सोडायला पास, पोलिसांकडे किंवा पाटलाकडे हजेरी, काहींना तारेच्या कुंपणातल्या वसाहती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. पण लगेच १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि पोलिसांच्या मनातली जुनी यादी नव्या नावाने चालू राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या खटल्यात तुरुंगांच्या नियमावलीतील जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाली तरी हे बजावावे लागते, यातच सगळे आले.

आता कायद्याकडे वळू. कारण जमाव नेहमी कायद्याची भाषा बोलतो. "आमच्या हद्दीत शिरला," "परवानगी घेतली नाही," "हा गुन्हा आहे." खरोखर आहे काय?

दुसऱ्याच्या जागेत शिरणे एवढ्यानेच आपल्या फौजदारी कायद्यात गुन्हा होत नाही. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ४४१ मध्ये हे स्पष्ट होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्येही तेच आहे. गुन्हा होण्यासाठी हेतू लागतो. गुन्हा करण्याचा, किंवा जागेचा ताबा असणाऱ्याला धाक घालण्याचा, त्याचा अपमान करण्याचा, त्याला त्रास देण्याचा हेतू. किंवा रीतसर आत आलेला माणूस त्याच हेतूने बेकायदा तिथेच ठाण मांडून बसला, तर. अशा अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत आणि राहत्या घरात झाल्यास एक वर्षापर्यंत कैद आहे. पण ज्याने अंगणात उभे राहून "ताई, चादर घ्या" म्हटले, त्याचा हेतू चादर विकण्याचा आहे. तो गुन्हेगार नाही. दारापर्यंत येऊन हाक मारण्याची मुभा आपल्या समाजव्यवहारात प्रत्येकाला गृहीत धरलेली आहे. ती मुभा नसती तर पोस्टमन आला नसता, दूधवाला आला नसता, शेजारीणही आली नसती.

म्हणजे घरमालकाला काहीच अधिकार नाही काय? पुष्कळ आहे. दार न उघडण्याचा अधिकार आहे. "नको, जा" म्हणण्याचा आहे, आणि कारण सांगण्याचे बंधन नाही. फाटकावर पाटी लावून ती गृहीत मुभा काढून घेता येते. सांगूनही जो जात नाही, शिवीगाळ करतो, दार ढकलतो, त्याच्याविरुद्ध ११२ क्रमांकावर फोन करता येतो. अंगावर आल्यास स्वसंरक्षणाचा हक्क आहे; मात्र बचावापुरता, सूड उगवण्यापुरता नव्हे. हा हक्क त्या घराचा आहे, त्या घरातल्या बाईचा आहे. तो गल्लीचा नाही, जमावाचा नाही.

जमावाला काय करता येते? सामान्य नागरिकाला दुसऱ्याला पकडण्याचा अधिकार आहे. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला असेल किंवा माणूस फरार म्हणून जाहीर झालेला असेल तरच, आणि विनाकारण वेळ न लावता सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात देण्यासाठी. संशय हे कारण त्यात नाही. तेव्हा त्या दिवशी आम्ही समाजमंदिराला जी कडी लावली, तो गुन्हा होता. कोंडून ठेवण्याचा गुन्हा. आजच्या संहितेत कलम १२७. गुन्हेगार खोलीच्या आत नव्हते, बाहेर होते. आणि त्यांच्यात मीही होतो, कारण मी कडी काढली ती त्याला सोडण्यासाठी नव्हे, त्याची जात विचारण्यासाठी.

आणखी एक कायदा कार्यकर्त्यांनी वाचला पाहिजे. तो म्हणजे १९५९ चा भीक प्रतिबंध कायदा. त्याच्या व्याख्येत सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा वस्तू विकायचा बहाणा करून दान मागणे हे सगळे 'भीक' आहे. भिक्षेसाठी खाजगी जागेत शिरणे हेही भीक आहे. म्हणजे वासुदेवाचे गाणे, पांगुळाची हाक, बहुरूप्याचे सोंग, ज्यांचे गोडवे आपण लोकसंस्कृती म्हणून गातो, ती सगळी कायद्याने दंडनीय. पहिल्या खेपेलाच एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात डांबण्याची तरतूद. ८ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे राईनपाड्यानंतर महिना-सव्वा महिन्यात, दिल्ली उच्च न्यायालयाने हाच कायदा दिल्लीपुरता बहुतांशी घटनाबाह्य ठरवला. भीक मागणे हा गुन्हा मानणे म्हणजे गरिबी हा गुन्हा मानणे, हा त्याचा आशय. महाराष्ट्रात मात्र कायदा कायम आहे. आणि या कठोर कायद्यातसुद्धा एक गोष्ट आहे : खाजगी जागेत भिक्षेसाठी आलेल्याला पकडायचे तर त्या घराच्या राहणाऱ्याचीच तक्रार लागते. शेजाऱ्याची चालत नाही. गावाची चालत नाही. म्हणजे हा कायदासुद्धा दाराचा मालक घरातल्या माणसालाच मानतो.

हाच विचार दूरदेशीही झालेला आहे. अमेरिकेतील स्ट्रदर्स नावाच्या गावाने पत्रके वाटण्यासाठी घरोघरी दार वाजवण्यास बंदी घातली होती. धर्मप्रचार करणाऱ्या एका बाईला त्याबद्दल दंड झाला. १९४३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. दारावर आलेल्याला घ्यायचे की परत पाठवायचे हे त्या घरातला माणूस ठरवील, सगळ्यांच्या वतीने नगरपालिका ठरवू शकत नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

आपल्याकडे मात्र गाव अजूनही सगळ्यांच्या वतीने ठरवू पाहते. फेरीवाल्यांना गावबंदीच्या पाट्या लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील मढीच्या ग्रामसभेने यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी घालणारा ठराव केला. प्रशासनाने त्याला स्थगिती दिली. मढीची कानिफनाथाची यात्रा ही भटक्या-विमुक्तांची मोठी यात्रा. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हाकलले गेलेले लोक एकत्र येतात, तिथेच कोणालातरी हाकलण्याचा ठराव व्हावा, हा योगायोग मी मानत नाही. घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशभर फिरण्याचे आणि व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ग्रामसभेच्या हात वर करण्याने ते जात नाही.

आणि 'आमची हद्द', 'आमची मालकी' ही भाषा आपल्याला नवी आहे काय? १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर स्पृश्यांनी दावा लावला तो कोणता? चवदार तळे सार्वजनिक नाही, खाजगी आहे. दहा वर्षे तो वाद चालला, १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपला विजय झाला. १९१७ साली बडोद्यात पारशी वसतिगृहातून बाबासाहेबांना बाहेर काढायला काठ्या घेऊन माणसे आली, तेव्हा त्यांचाही पहिला प्रश्न 'तू कोण?' हाच होता. तो प्रश्न मी समाजमंदिरात, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, एका कारागिराला विचारला.

कोणी म्हणेल, सर, हे सगळे ठीक. पण सोने चमकावून देतो म्हणून पोत लंपास करणारे खरोखर येतात. पोरी-बाळींनी करावे काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की सावध राहावे, पण माणसाच्या कृतीबद्दल सावध राहावे, जातीबद्दल नव्हे. घरात एकटी बाई असेल तर दार लावून बोलावे. दागिना कोणाच्याही हातात देऊ नये, मग त्याचा शर्ट कितीही पांढरा असो. संशय आला तर पोलीस पाटलाला किंवा ठाण्याला कळवावे आणि तिथेच थांबावे. मोबाईलवर आलेली 'टोळी आली' ही बातमी पुढे पाठवू नये. आणि कार्यकर्त्याने एक गोष्ट अवश्य करावी : जमाव जमला की सर्वांत आधी त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहावे, जमावाच्या बाजूला नव्हे. एक ओळखीचा माणूस शेजारी उभा राहिला तरी परका परका उरत नाही.

नव्या न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये जमावाने केलेल्या खुनाला आता वेगळी तरतूद आहे : पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केल्यास प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. हा कायदा लागू झाला तो १ जुलै २०२४ रोजी. राईनपाड्याला त्या दिवशी बरोबर सहा वर्षे झाली होती. पण त्या कलमात 'संशय' हा शब्द नाही. मारणारे उद्या म्हणतील, आम्ही जात पाहिली नाही, आम्हाला तो चोर वाटला. तो चोर का वाटला, हे न्यायालयापुढे सिद्ध करण्याचे काम आपल्या वकिलांचे आणि कार्यकर्त्यांचे आहे.

आमच्या भातकुलीपासून वलगाव लांब नाही. तिथे पेढी नदीजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबा गेले. बाबासाहेबांच्या पाठोपाठ, चौदा दिवसांनी. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटके मडके, हातात काठी-खराटा. हा माणूस आयुष्यभर अनोळखी दारांत उभा राहिला, भाकर मागून खाल्ली आणि त्या गावाचा रस्ता झाडून पुढे गेला. आज त्यांचे फोटो आपल्या शाळाशाळांत आहेत. माझ्याही वर्गात आहे. पण त्या वेषातला माणूस उद्या आमच्या गल्लीत आला आणि त्याने एखाद्या लेकराला हाक मारली तर काय होईल, हे मी माझ्या मुलांना विचारले. वर्ग गप्प राहिला. मग मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, पयले आधार मागतीन."

त्या कारागिराचा मुलगा जाताना समाजमंदिराच्या पायरीवर थांबला होता. मायने त्याला तांब्याभर पाणी दिले. ज्या पाण्यासाठी एवढे झाले, ते त्याला संध्याकाळी मिळाले. त्याने ते उभ्याने, घाईघाईने, सगळ्यांकडे बघत प्यायले. त्यानंतर तो माणूस आमच्या वस्तीत पुन्हा आला नाही. आमचे कुकर आम्ही अमरावतीला नेऊन दुरुस्त करतो.